सोमवार ते शुक्रवार उपवास

आठवड्याचे वार सात, आणि त्यातल्या पाच वारांना मला उपवास होता. उरलेले दोन दिवस ऑफिसला सुट्टी. तेव्हा मी घरी एकटी असायचे, त्यामुळे उपवास कुणापुढे धरायचा हा प्रश्नच नव्हता.

मी घाटकोपरला वन रूम किचनमध्ये राहते, आई गेल्यापासून एकटीच. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणारी एक कंपनी आहे, तिथे मी प्रूफ तपासते. ‘जेवणानंतर’च्या जागी ‘जेवणाआधी’ छापलं गेलं तर माणूस जायचा, म्हणून माझी नजर बारीक आहे. बाकी माझ्यात बारीक असं काही नव्हतं. वजन एकशे बावीस किलो, साखर वाढलेली, गुडघे कामातून गेलेले. झोपेत श्वास अडकून मी दचकून उठायचे. डॉक्टर म्हणाले, हे डाएट-बिएटने होणारं काम नाही, पोटाचं ऑपरेशन करू. पोटाचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी पिशवी ठेवतात. वर्षभर विचार केला आणि हो म्हटलं.

हो म्हटल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे खोटं बोलले. ऑफिसात सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत, काढायचेत. खरं फक्त धाकट्या भावाला ठाऊक होतं, कारण फॉर्मवर कुणाची तरी सही लागत होती. तोही म्हणाला, “ताई, कोणाला बोलू नको. लोक काय काय बोलतात.” लोक काय बोलतात ते त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं. शाळेपासून ऐकत आले होते. तोंडावर ताबा नाही, जिभेचे चोचले फार, घरात काय दळण आणतात की गिरणीच आहे. त्यात आता ‘पोट कापून घेतलं’ हे नवीन वाक्य मला नको होतं.

आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती डिस्पॅचच्या काकूंची. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या त्या म्होरक्या. मालवणकडच्या, सासरे गिरणीत होते, स्वतः या कंपनीत तीस वर्षं. पाच-सहा बायकांचे डबे त्यांच्यासमोर उघडायचे आणि कुणी काय खायचं ते त्या ठरवायच्या. त्यांचं हसणं पार मशीनच्या खोलीपर्यंत ऐकू जायचं. एकदा मी बसले आणि प्लॅस्टिकची खुर्ची पाय फाकवून खाली बसली, माझ्यासकट. सगळ्या धावल्या. काकू मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. “अगो बाय, खुर्चेचो जीव घेतलंस!” दुसऱ्या दिवशी त्यांनीच डिस्पॅचमधून लोखंडी स्टूल आणून माझ्या जागेवर ठेवलं. पण माझ्या लक्षात राहिलं ते हसणं.

ऑपरेशन ठीक झालं. भाऊ चार दिवस राहिला आणि गेला, त्याचीही नोकरी आहे, मुलं आहेत. तो गेल्यावर मी दार लावलं आणि ओट्यावर औषधाचे प्लॅस्टिकचे छोटे कप ओळीने मांडले. दर पंधरा मिनिटांनी एक कप पाणी, तेही घोट घोट. मग नारळपाणी, मग डाळीचं वरचं पाणी. तिसऱ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं वरण. जेवायला घरातली सगळ्यात लहान वाटी शोधली, ती निघाली देव्हाऱ्यातली नैवेद्याची. आयुष्यभर परातीएवढं ताट घेऊन बसणारी मी देवाच्या वाटीत जेवायला लागले, आणि तीही अर्धी उरायची.

भूक लागत नव्हती, ही एक गंमतच. पण भूक गेली म्हणून खाण्याचा विचार थोडाच जातो. रविवारी शेजारी मटण शिजायचं, वरच्या मजल्यावर काहीतरी तळलं जायचं आणि मी खिडकीपाशी उभी राहून वास घ्यायचे. फोनवर बिर्याणीचे व्हिडिओ बघायचे, एकामागून एक, तासभर. एका रविवारी तर मी वांगी भरली, भाकऱ्या थापल्या, भात केला, आणि सगळं मांडून झाल्यावर लक्षात आलं की हे खाणारं घरात कुणीच नाही. डबा भरून खाली वॉचमनला दिला. तो म्हणाला, “आज कुछ है क्या, मॅडम?” मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतं.

हॉस्पिटलची एक आहारतज्ज्ञ दर आठवड्याला फोन करायची. कोवळी पोरगी, आवाज मधाळ. प्रोटीन किती झालं, पाणी किती झालं, चालणं किती झालं, आणि शेवटी न चुकता, “आणि पॉझिटिव्ह राहायचं हं, मॅम!” मला विचारावंसं वाटायचं, बाई, हे पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं कुठे राहायचं? घाटकोपरला मी ज्या खोलीत राहते तिथे ते नाही. पेशंटांचा फोनवर एक ग्रुपही होता. तिथे लोक आधीचा आणि नंतरचा फोटो टाकायचे आणि खाली टाळ्यांचे हात यायचे. मी एकदा लिहिलं, ‘संध्याकाळी कुणाला उगाच रडू येतं का?’ त्यालाही सहा टाळ्यांचे हात आले. त्यानंतर मी तिथे काही लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी ऑफिसला गेले. तो सोमवार होता. बारा वाजता मशीनच्या पट्ट्यांचा आवाज थांबला, डबे उघडले आणि काकूंनी माझ्या आवडीचा शिरा केला होता, खास मी परत आले म्हणून. डब्याच्या झाकणात हा एवढा डोंगर माझ्यापुढे. साखर, तूप, रवा, तिन्ही गोष्टी मला बंद. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “काकू, आज माझा सोमवार आहे.”

काय जादू झाली सांगू! माझ्यापुढून झाकण मागे गेलं. कुणी आग्रह केला नाही, कुणी ‘एवढंसं तरी’ म्हटलं नाही. काकू उलट म्हणाल्या, “बरा केलंस. ऑपरेशन झाला, देवाक इसरा नको.” उपवासाला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली असती तर चार बायकांनी चार उपाय सांगितले असते. शंकराचं नाव काढल्यावर सगळ्या गप्प. मी स्टीलच्या ग्लासातून ताक प्यायले, त्यात प्रोटीनची पावडर होती, आणि मनात म्हटलं, सुटले.

मंगळवारी मी गणपतीचा धरला. गुरुवारी दत्ताचा आणि शुक्रवारी देवीचा धरायचं नक्की होतं. माझी चूक झाली ती बुधवारी. आधी विचारच केला नव्हता. काकूंनी बांगड्याचं तिखलं उघडलं, वास आला आणि मी घाईत म्हटलं, “आज माझा बुधवार.”

काकूंचा घास हातातच राहिला. “बुधवारी कोण उपास करता गो? बुधवार माशांचो!”

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माझी आईही राजापूरची. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. बाकीचे दिवस देवाला दिले की हे तीन आपले. शुक्रवार एखादी बाई देवीला देते, ते चालतं. पण बुधवारी उपवास करणारी कोकणी बाई म्हणजे काहीतरी भलतंच. उभ्या जन्मात मी बुधवार सोडला नव्हता हे त्या टेबलावरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मी पुटपुटले, “आहे एक. बोललेय मी देवाला.” काकूंनी माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि तिखल्याचा डबा गुपचूप स्वतःकडे ओढून घेतला. त्या हसल्या नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग उपवासाचीही वाट लागली. कारण आपल्याकडे उपवासाचं जेवण हे रोजच्या जेवणाहून जड. कुणी साबुदाणावडे आणायचं, कुणी बटाट्याचा कीस, कुणी दाण्याची आमटी, सगळं ‘तुझ्यासाठी’. मी म्हटलं, मी काहीच खात नाही, फक्त ताक. मग म्हणाल्या, निदान बस तरी आमच्यात. पण पाच जणी जेवत असताना ग्लास धरून बसायचं म्हणजे हसतमुख चेहरा अर्धा तास धरून ठेवायचा, आणि माझा चेहरा आधीच दमलेला असायचा. दुसऱ्या आठवड्यात मी सांगितलं की जेवणाच्या वेळात मी जप करते. आणि प्रूफच्या खोलीत जाऊन बसायला लागले. दार लावून पर्समधून नैवेद्याची वाटी काढायची आणि मऊ केलेलं वरण चमच्याच्या टोकाने खायचं. एक घास बत्तीस वेळा चावा असं सांगितलं होतं. वरणात काय चावणार? तरी मी मोजायचे. बाहेरून काकूंचं हसणं यायचं. हळूहळू तेही कमी झालं, पण मला वाटलं, दार जाड आहे.

आणखी एक गोष्ट मी चुकीची वाचली. बुधवारी त्या खोलीत माशाचा वास येईनासा झाला. ऑपरेशननंतर काहींचं नाक बदलतं असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं. मी समजले, माझंही बदललं.

किलो उतरत गेले. पंजाबी ड्रेस अंगावर लोंबायला लागले. आपल्याकडे माणूस जाड झाला की म्हणतात तब्येत सुधारली आणि बारीक झाला की तब्येत उतरली. माझी साखर ताब्यात आली होती, मी जिना न थांबता चढत होते, मेट्रोच्या स्टेशनवर सरकत्या जिन्याशेजारचा साधा जिना मुद्दाम घेत होते, आणि ऑफिसात प्रत्येक जण माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणत होता, “तब्येत फारच उतरली गं.” कुणी अभिनंदन करेल तर कशाचं? खडे काढल्याचं? तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. हे होतं, तात्पुरतं असतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी ओढणी डोक्यावरून घ्यायला लागले. लोक माझ्याशी फार गोड बोलू लागले. मशीनवरचा जो माणूस मला दहा वर्षं ‘पैलवान’ म्हणायचा, त्याने एक दिवस माझ्यासाठी दार उघडून धरलं. मला वाटलं, बारीक बाईला लोक दारं उघडून देतात. इतकी मी मूर्ख.

एका गुरुवारी कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाची साबुदाण्याची खिचडी आली आणि ती आणून देणारी मुलगी प्रूफच्या खोलीतच उभी राहिली, “एक चमचा तरी, ताई.” मी तीन चमचे खाल्ले. चांगली होती हो, लुसलुशीत, वर लिंबू. चौथ्या मिनिटाला ते सगळं छातीच्या खाली येऊन बसलं. वर येईना, खाली जाईना. तोंडाला फेसासारखी लाळ सुटली. मी धावत बाथरूममध्ये गेले आणि बेसिन धरून वाकले. दार लावायचं राहिलं.

पाठीवर हात आला. आमच्या क्वालिटी विभागातली बाई होती, माझ्याच वयाची, घाटकोपरचीच, हायवेपलीकडची. माहेर अकोल्याकडचं, घर बौद्ध. आम्ही दोघी कधी कधी एका मेट्रोने यायचो, पण बोलणं जेमतेम. ती सगळं बाहेर पडेपर्यंत पाठ चोळत राहिली, मग नळ सोडला.

“हा उपवास नाही,” ती म्हणाली. “आमच्या घरात हे वार-बिर नाहीत, म्हणून मला दिसतं. ह्या सगळ्या तुझा देव बघतायत. मी तुझी वाटी बघितलीय, इथे धुतेस ती. तू उपवास नाही करत, उपाशी राहतेस. काय झालंय तुला?”

मी तिथेच, ओल्या फरशीवर उभी राहून, सगळं सांगितलं. पहिल्यांदाच एका माणसाला सलग सांगितलं. तिने मध्ये एकदाही ‘अरेरे’ केलं नाही. शेवटी म्हणाली, “म्हणजे कॅन्सर नाही?”

“कॅन्सर?”

“अगं, सगळ्यांना तेच वाटतंय. तू पाच पाच उपास करतेस, केस गेले, अर्धी झालीस. काकूंची जाऊ अशीच गेली ना, तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं. काकूंनी तुझ्यासाठी बुधवार सोडलाय.”

मला कळेना. “बुधवार सोडलाय म्हणजे?”

“मासे गं. गावच्या देवीला बोलल्यात. तू बरी होईपर्यंत बुधवारी मासे खाणार नाहीत. सात बुधवार झाले. तुला माहीतच नाही?”

माझं नाक बदललं नव्हतं. काकू दोन महिने माझ्या नावाने बुधवारी वरणभात खात होत्या.

“आता मला सांगितलंस ते ठीक,” ती म्हणाली, “पण मला सांगून काय होणार? त्यांना सांग. आणि रोज टेबलावर बस यार. आत कोंडून घेतल्याने काय मिळालं तुला?”

शुक्रवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही दिवशी मी सांगायचं ठरवलं आणि तिन्ही दिवशी जप केला. हात दाखवून अवलक्षण ते हेच, वाटायचं. न सांगता हळूच ‘बरी झाले’ असं जाहीर करून टाकलं तर? नवस फेडून टाका म्हणायचं, सुंठीवाचून खोकला जाईल. हा विचार मी खूप वेळ केला, खोटं कशाला बोलू. पण मग बुधवार आला, आणि मी दाराच्या फटीतून काकूंना डबा उघडताना पाहिलं. पांढरा भात, पिवळं वरण, बाजूला लोणच्याची फोड. त्या ते जेवत होत्या, तोंड वाकडं करून, एखादं औषध घ्यावं तसं. मी वाटी उचलली आणि बाहेर गेले. स्टूल माझ्या जागेवरच होतं.

“काकू, मला कॅन्सर नाहीये.”

मी भरभर बोलत गेले, नाहीतर थांबले असते. “खडे पण नव्हते. मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. बारीक व्हायला. आता जास्त खाताच येत नाही, म्हणून उपवास सांगत होते. एकही उपवास खरा नव्हता. फक्त भावाला माहीत होतं.”

एचआरची नवीन मुलगी म्हणाली, “ओ माय गॉड, किती किलो गेलं?” कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. काकूंनी डब्याला झाकण लावलं. शांतपणे, चारी बाजूंनी दाबून.

“बुधवार सुद्धा खोटो?”

“हो.”

“देवीक मी आता काय सांगू? चुकान बोललंय म्हणून?” त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. “आठ बुधवार. माझे आठ बुधवार दी माका परत.”

त्या उठून डिस्पॅचमध्ये गेल्या. डबा अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी टेबलावर बसायला लागले. क्वालिटीवालीने सांगितलं होतं म्हणून, आणि आता लपायला जपही उरला नव्हता म्हणून. वाटी पुढे ठेवायची आणि वीस मिनिटं लावून खायची. ज्याची भीती होती ते सगळं दोन दिवसांत कानावर आलं. स्टोअरचा माणूस म्हणाला, शॉर्टकट आहे हा. कुणी म्हणालं, तोंड बंद ठेवलं असतं तर फुकटात झालं असतं. पैलवान म्हणणाऱ्याने दार धरणं बंद केलं. गंमत म्हणजे त्या वाक्यांनी मला फारसं काही झालं नाही, ती मला पाठ होती. झालं ते काकूंच्या पाठीने. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसायच्या. जेवायच्या, डबा धुवायच्या आणि जायच्या. हसणं नाही, टोमणा नाही, ‘अगो बाय’ नाही. घरात एकटी राहून जे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं ते भरल्या टेबलावर कळलं. एकटेपणा मी घरात भोगत होते असं मला वाटायचं, पण तो माझ्या हाताने मी इथेच शिजवला होता, आणि त्यात एका चांगल्या बाईचे आठ बुधवार घातले होते.

शनिवार-रविवार मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. आहारतज्ज्ञेचा फोन आला, पॉझिटिव्ह राहा म्हणाली. मी तिला म्हटलं, “बाळा, माझी एक मैत्रीण रुसलीय, त्यासाठी काय घ्यायचं?” ती गोंधळली. म्हणाली, “मॅम, मी काउन्सेलरला विचारून सांगते.” बिचारीने खरंच सोमवारी पुन्हा फोन करून विचारपूस केली. मी तिच्यावर उगाच चिडत होते इतके दिवस.

बुधवारी बारा वाजता डबे उघडले आणि वास आला. कोकमाचा, ओल्या नारळाचा, आणि त्याखाली माशाचा. माझं नाक व्यवस्थित होतं. काकू दुसऱ्या टोकाला न जाता समोर येऊन बसल्या. त्यांचा मोठा डबा त्यांच्यापुढे, लालभडक. त्यांनी पिशवीतून एक छोटा डबा काढला आणि माझ्याकडे सरकवला. माझ्याकडे न बघता. आत पातळसर पांढरट कालवण होतं, मिरची नावाला नाही, आणि त्यात माशाचे दोन बोटांएवढे तुकडे.

“मुडदुशे,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे बाळंतिणीक आणि आजाऱ्याक दितत. हलके आसतत. काटे काढलंय.”

मी चमचा हातात धरून बसले. मग विचारलं, “आणि देवीचं?”

“गाऱ्हाणा घातलंय. म्हटलंय, बाय खोटारडी आसा, पण आजारी खरी आसा. संभाळ तिका.” त्यांनी भाकरी मोडली. मग भाकरीकडे बघतच विचारलं, “भावाक सांगलंस. माका कित्याक नाय सांगलंस?”

“तुम्ही हसला असता, काकू.”

“हसलंय असतंय,” त्या म्हणाल्या. “पोट धरून हसलंय असतंय. आणि दुसऱ्या दिसा ह्येच मुडदुशे घेवन तुझ्या घराक इलंय असतंय. तीन म्हयने एकटी कित्याक रवलंस गो?”

मला रडू आलं, टेबलावर, सगळ्यांदेखत, तोंडात पहिला घास असताना. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते. क्वालिटीवालीने टिश्यूचा डबा माझ्याकडे ढकलला. एचआरची मुलगी काहीतरी बोलणार होती, तिला काकूंनी हातानेच गप्प केलं.

“रडान झाला काय जेव,” काकू म्हणाल्या. “थंड जाता.”